निरंक

फॉर्मवर आधीच कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय:
निरंक.
मी फक्त त्यावर शाई फिरवायची,
असं ठेकेदार म्हणत नाही;
तो दुसऱ्यांदा चहा सांगतो.

देवगडच्या वरच्या अंगाला, शाळेमागे, सडा.
महिना फेब्रुवारी. कातळ तापलेला, करड पिवळं,
फक्कीने आखलेले तीन वर्ग, एक प्रयोगशाळा,
मुतारी.
'हंय काय्येक नाय, बाय,' तोरसकर शिपाई म्हणतात,
'सरडो पण दुपारचो सावली बघता.'

मी टेप धरून चालते.
खळग्यात बोटभर माती, एक वाळकी दांडी,
तिच्याखाली दीपकाडीचे कांदे
गाढ झोपलेले.
रकाना विचारतो: आढळले का?
हजेरीत झोपलेल्या पोराचं काय करतात,
हे मुख्याध्यापिका पेडणेकर बाईंना विचारायला हवं.

पण त्यांना कसं विचारू?
वादळात छप्पर गेलं तेव्हापासून
सातवी व्हरांड्यात भरते.
फळा खुर्चीला टेकवलेला.
एक मुलगा बाक नाही म्हणून दप्तरावर बसून
भागाकार करतोय, आणि बरोबर करतोय.
यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी समासात लिहिते.

मधल्या सुट्टीत रिहाना मुकादम मागे मागे येते.
निवडुंगाच्या कुंपणाशी चप्पल काढते,
का कोण जाणे,
आणि पायाच्या अंगठ्याने दाखवते:
वारूळ, पोटातून फोडलेलं.
पुढे धुळीत नख्यांचे ठसे, त्यांच्या मधून
शेपटी ओढत नेल्याची रेघ.
खवलेमांजर.
फक्कीची रेघ ओलांडून
थेट प्रयोगशाळेतून गेलेलं.

'कुणाला सांगितलंस?'
ती मान हलवते.
'पलीकडच्या वाडीत एकाने सांगितलेलं.
मग रात्री जीप आली.'

पुढचा रकाना: नेमके स्थान.
हातातलं यंत्र आकडे देतं, दशांशानंतर सहा घरं,
इतके चोख
की जीपवाल्यालाही वाट विचारावी लागू नये.

रिहानाचाच खोडरबर घेऊन
मी पेन्सिलीचं 'निरंक' खोडते.
कागद थोडा फाटतो.
लिहिते: अनुसूची एक. आढळले.
स्थान: सीलबंद पाकिटात.
कांद्यांसाठी: जूनमध्ये पुन्हा पाहणी आवश्यक.
ठेकेदार म्हणतो, जूनमध्ये शाळा सुरू होते मॅडम.
ते मलाही माहीत आहे.

'मग वर्ग कुठे बांधणार?' रिहाना विचारते.
मी रस्त्याकडचं सपाट मैदान दाखवते,
दोन खांब, मधे पायांनी घासून गुळगुळीत झालेली जमीन.
ती 'बरं' म्हणते.
चप्पल घालते.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर तोरसकर सांगतात
की खो-खोत ती तालुक्याला खेळते,
आणि तिच्यामुळेच यंदा ढाल आली.
पाकीट माझ्या मांडीवर आहे.
लाख अजून मऊ.