काठासकट

एम-एटीवर पुढं कॅबिनेट, सुतळीनं बांधलेलं,
मागं वैजू मुचंडीकर, गळ्यात वायरींची माळ:
एक पिवळी, एक लाल-पांढरी जोडी
आणि ती काळी, गोल तोंडाची, चार काड्यांची,
जिच्यासाठी मी पुण्याला दोनदा फोन केला होता.
शहापुरातनं वडगाव ते किती लांब,
पण खड्ड्याखड्ड्याला मी ग्राफिक्स कार्डाचं नाव घेत होतो.

नीलव्वा सोंटक्कींकडे टीव्ही होता, प्लेअर नव्हता.
लेकीच्या लग्नाची फिल्म माझ्या हार्डडिस्कवर,
सीडी रायटर त्याच आठवड्यात मेलेला.
"तुझी पेटीच घिऊन ये की," म्हणाल्या,
"आमी काय पेटीला नको म्हणूलालोय?"

टीव्ही आधी जोडायचा, मग मशीन चालू करायचं,
नाहीतर कार्डाला कळतच नाही समोर कोणी बसलंय ते.
केबलवाल्याची वायर काढून ठेवायची.
वैजूनं नाही काढली, आणि असा झटका बसला
की त्यानं आईला कन्नडात हाक मारली.

चित्र आलं. काळंपांढरं.
हळद करडी, चुडा करडा.
दारातली पोरं म्हणाली, जुना पिक्चर लागलाय.
मेनू उघडला. कार्ड अमेरिका धरून बसलेलं.
लांबलचक यादी, खाली खाली गेलो,
पाल, त्यातही बी, डी, एम, एन.
आपलं गाव कुठल्या खान्यात घातलंय
हे शोधायची सवय आहे आम्हाला.
बी.
"बण्ण बंतु!" धाकटी नात ओरडली,
वैजू तिच्याही आधी, "रंग आला की बे!"

आवाज नव्हता. कार्ड फक्त चित्र देतं,
आवाजाची वाट निराळी, मागच्या दुसऱ्या भोकातनं.
ती जोडेस्तोवर सनईवाला गाल फुगवून गप्प,
स्वामी नुसतेच ओठ हलवत.

आणि एक आडवी पट्टी, पायाकडून डोक्याकडे, पुन्हा पायाकडून.
नीलव्वांनी भिंतीवर मूठ आपटली.
पलीकडचा माग थांबला. पट्टीही.
मग काचेला नाक लावून त्या म्हणाल्या,
"रेघा हैत ह्या."
होय, सहाशेपंचवीस. आधी एक, तीन, पाच,
मग दोन, चार, सहा, राहिलेल्या फटीत.
मी पुढं समजावणार होतो.
"दोन धोटे," त्या म्हणाल्या. "कळलं."

अक्षता पडल्या. सगळे बसून बघत होते.
नीलव्वा एकट्या उठल्या,
पडद्याच्या तळाशी बोट टेकवलं.
"काठ कुठाय?"

लेकीच्या साडीचा काठ.
अकरा दिवस त्यांनीच मागावर बसून काढलेला,
कॅमेऱ्यावाल्याला दटावून पायापर्यंत घ्यायला लावलेला.
दुकानातल्या मॉनिटरवर मी तो पाहिला होता.
म्हटलं, टीव्ही चारी बाजूंनी थोडं थोडं खातो.
सगळेच खातात. बनवतात तसेच.
कडेचं कोण बघतं?

सूत तुटल्यावर मागाकडे बघतात
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.
"काठ कापून लुगडं कोण नेसतंय, बाळा?"

पुन्हा मेनू. आत एक बारकी सरकपट्टी,
जिला मी कधी हात लावला नव्हता.
चित्र आकसलं, भोवती काळी किनार आली,
माणसं बोटभर लहान झाली,
आणि खालनं काठ वर आला.
त्याच्याबरोबर डावीकडून मांडवाचा खांब,
खांबाला टेकून एक बाई, हातात तांब्या,
नीलव्वाच.

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.
काठाच्या चौकड्या मोजत होत्या,
ओंदु, एरडु, मूरु.
"एका जागी चुकलंय. तिथं थांबव."

थांबवलं.
काठ थरथरत राहिला,
एका धोट्यावरनं दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर.
भिंतीपलीकडनं कोणीतरी विचारलं,
सुरू करू का?