सुपातली

सुरतेपलीकडच्या खाणीतून दोन पोती चिखल आला,
काळपट, कोळशाच्या वासाचा.
धुतला, चाळला, गच्चीवर वाळवला.
उरलं ते ताटलीभर, रव्यासारखं.
माझे डोळे आता त्या कामाचे नाहीत,
म्हणून जळगावच्या डाळमिलमधून सुपडाबाईला बोलावलं.
सव्वीस वर्षं तुरीतला एक खडा
तिच्या नजरेतून सुटला नव्हता.

भिंगाखाली ती दोन दिवस गप्प.
तिसऱ्या दिवशी ओल्या ब्रशाच्या टोकावर
तिळाएवढं काहीतरी उचललं,
'हाऊ खडा नही शे.'

नव्हताच. दाढ होती.
चार उंचवटे, मधे खळगा,
साडेपाच कोटी वर्षं काही न चावता
चकाकी तशीच.

मी सांगत सुटलो:
आपला काळा दगड निवून तेव्हा कोटभर वर्षं झाली होती,
हिंदुस्थान आशियाला नुकता टेकत होता,
आणि हा, पुढचे दात जन्मभर वाढणारा,
म्हणून जन्मभर कुरतडणं भाग असलेला.
याच्याआधीही होते कुरतडणारे,
उंदरासारखे, पण उंदीर नव्हेत.
डायनोसॉरांच्या पायांखालून वाचले
आणि नंतर, कुणी तुडवत नसताना, संपले.
हाही संपला.
वंशावळीत याच्यापुढे रेघ नाही.

'तो मरी गया, मंग आमना गोडाऊनमा कोन शे?'

भावकीतले, म्हणालो. चुलत्यांचे चुलते.
आणि आपणही फार लांबचे नाही.
पोळ्याला पुरणपोळी बैलाला देतो आपण,
नात्यानं उंदीर जवळचा.

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.
काल मिलमध्ये चिकटपट्ट्या तिनंच लावल्या होत्या.

मग, मी न विचारता, नावाचं सांगितलं.
आधीच्या दोघी पाळण्यातच गेल्या.
तिसरीला आईनं सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं,
परक्याची म्हणून पुन्हा आत घेतलं.
'त्या दोन्ही गयात. मी ऱ्हायनू.'

जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणे.
ही हसली नव्हती.
का राहिली, तिला ठाऊक नाही.
दाढेलाही का गेलीस, विचारता येत नाही.

कुपीत कापूस घालून मी दाढ ठेवली,
चिठ्ठीवर तारीख घातली, खाली तिचं नाव.
तिनं पदरानं चष्मा पुसला
आणि ताटली पुन्हा हलवली,
पाखडताना हलवतात तशी,
एका अंगाला झुकवून.

'आखो शेतस,' म्हणाली.