मिसेस ग्रिम्शॉ चरित्रकाराला चहा देतात

बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय मोडका आहे.
साहेब मुद्दाम तिच्यावरच बसायचे,
पाहुण्यांचा जीव टांगणीला,
पण ते कधी पडले नाहीत. घरात तरी नाही.
सिनेमात नऊ वेळा पाण्यात पडले, मी मोजलंय,
दोनदा कालव्यात, एकदा बिशपच्या बागेतल्या हौदात,
दर वेळी टोपी तेवढी तरंगत वर.
इथे वर्दिंगला समुद्र दोनशे पावलांवर,
पण एकोणीस वर्षांत घोटा म्हणून ओला केला नाही.
हे लिहा. लोकांना आवडेल.

ते यंत्र चालू आहे ना तुमचं?
तर अंडं अर्धकच्चं, साडेतीन मिनिटं.
मोजे स्वतः रफू करायचे, माझ्याहून बरे.
हसायचे का?
सगळे हेच विचारतात.
हसायचे की. रेडिओवर खलाशांसाठी हवामान सांगत ना, रात्री,
'दृश्यमानता मध्यम, पुढे खराब',
तेव्हा अंथरुणात खुदखुदायचे, भिंतीतून ऐकू यायचं.
बायको? होती एक. दंतवैद्याबरोबर कॅनडात गेली.
नाताळला दोघांच्या सहीचं कार्ड यायचं,
ते आम्ही कपाटावर मांडायचो, इतरांच्या रांगेत.

आता तुम्ही क्रूक्शँकचं काढणार.
काढा. कात्रणं आहेतच तुमच्या पिशवीत:
पडद्यावर गळ्यात गळा, बाहेर विळ्याभोपळ्याचं सख्य.
वीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. खरं आहे ते.
बोलले नाहीत.

थांबा, किटली.

(तिची शिट्टी टेपवर येईल,
माझा चेहरा येणार नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
चहाच्या डब्याखाली तीन पौंड असत.
मी पोस्टात जाऊन ऑर्डर करी,
होव्हला, क्रूक्शँकच्या पत्त्यावर, गॅसच्या बिलापुरती.
पाठवणार: मिसेस ओट्स, एक चाहती.
अक्षर माझं, कारण साहेबांचं त्याने ओळखलं असतं.
शिक्का मात्र वर्दिंगचा.
कधीतरी म्हणायला हवं होतं मी,
साहेब, शिक्का वाचता येतो लोकांना.

चौदा वर्षं. कडाक्याच्या थंडीत चार पौंड.
आणि क्रूक्शँक कुठल्याशा वर्तमानपत्राला सांगे,
थॅकवेला विनोदाची वेळ कळत नाही,
घड्याळ मात्र सोन्याचं आहे.
साहेब ते मोठ्याने वाचत, टोस्टला मार्मलेड लावत.
'बरा आहे म्हणायचा,' म्हणत,
आणि दुसरा टोस्ट मागत.

अंत्यविधीला तो आला, शेवटच्या बाकावर बसला.
पाद्री चुकून दोनदा तेच पान वाचू लागला
तेव्हा एकटाच खोकला, बरोब्बर वेळेवर.
मग इथे, स्वयंपाकघरात, ओव्हरकोट न काढता
भिंतीवरची माझी सामानाची यादी बघत राहिला:
साबण, बटाटे, काड्यापेट्या,
कुणी घरचं पत्र वाचावं तसा.
'गॅस महागलाय यंदा.'
'हो ना,' म्हटलं मी.
कप विसळून उपडा घातला त्याने.
पुरुष विसळत नाहीत.

पुढल्या शुक्रवारी सवयीने डबा उचलला,
खाली नुसतं गोल वर्तुळ.
त्याच दुपारी माझ्या नावाने ऑर्डर आली, दोन पौंडांची.
पाठवणार: एक चाहता.
शिक्का होव्हचा.
ती वटवली नाही अजून. पिठाच्या बरणीमागे आहे,
तुमच्या कोपरापासून हातभर.)

दूध घालू? साखर?
नाही हो, वैर म्हणजे वैर. लिहा तसंच.
दोघांनाही चाललं असतं.
आणि ते अंड्याचं नीट ऐकलंत ना,
साडेतीन. चार झाली की परत पाठवायचे,
वर टोपी काढून.