कान आणि काच

हुबळीच्या जुन्या बाजारातून भरमाण्णा हलगेकरनं
चार हजाराला आणलं ते डबडं,
गिटारच्या आवाजाला रंग चढवणारं.
पाच नॉब, तीन पेडल, एक कोपरा चेपलेला.
"बघ जरा," म्हणाला, "ह्याचा कान पिळला की
आवाज उडी मारालाय.
काल कडोलीत वरातीपुढं इज्जत गेली."

वडगावात माझं दुकान. भिंतीपलीकडं माग.
त्या खडखडाटात बारीक खरखर ऐकायची
कानाला सवय लागलेली.
नॉब उपसून काढले. आत धूळ,
आणि चिमूटभर भंडारा,
यल्लम्माच्या डोंगरावरचा असणार.
स्पिरिटनं पुसला, थोडा कापसाला राहिला.
बिघाड काही नव्हता.

मग केबल लावली, लॅपटॉपवर एडिटर उघडला,
आणि काचेवर उगवलं तेच डबडं, तेच पाच कान,
भलतीकडंच वळलेले.

इथं गेन दोनावर, तिथं सहा पूर्णांक आठ.
इथं ट्रेबल शेवटापर्यंत पिळलेला,
तिथं जेमतेम चार.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
नॉबला एवढंच ठाऊक, शेवटचा हात कुठं थांबला.
मेमरीला एवढंच, की कुणीतरी एका रात्री
"हं, आता बरोबर" म्हणून सेव्ह दाबलं.
बोट लागेपर्यंत मेमरीचं चालतं.
तसूभर हललं की नॉबला जाग येते,
मी दोनावर आहे म्हणतो,
आणि सहा पूर्णांक आठ
दाणकन दोनावर.

"म्हणजे आमच्या गावच्या पाटीसारखं…"
भरमाण्णा सुरू झाला.
गप, म्हटलं. चहा घे.
सगळ्यालाच पाटी लावायची नसते.

आधीच्या मालकाचे आवाज तसेच होते आत.
इंग्रजी अक्षरं, कन्नड शब्द:
मदुवे एक, मदुवे दोन, देवरु,
आणि बत्तिसाव्या घरात, एकटंच, तंगी.
"बघ, ह्याचीपण तंगीच होती,
म्हणून विकलं!" भरमाण्णा खिदळला,
मीही.
हसू ओसरलं तसं दोघांनाही एकदमच आठवलं,
कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण.

त्यानं तार छेडली.
गेन जवळजवळ नाहीच.
एक सूर, मग त्याची सावली, मग सावलीची सावली,
परसात कुणाला तरी हाक मारावी
आणि विहिरीनं ओ द्यावी तसं.
माग चालूच होता.
तरी ऐकू आलं.

नॉबला हात घालणार होता तो, मी मनगट धरलं.
एडिटरच्या पोटात, तीन पानं आत,
डबड्यावर कुठंच न लिहिलेली एक सोय असते:
जंपच्या जागी कॅच.
ती लावली. आता फिरव.

"फिरवालोय की. काहीच होईना."
फिरव अजून.
"मेलंय हे."
सावकाश. ते आहे तिथंच आहे,
तुला जायचंय तिथवर.
तीन… साडेतीन… काचेवरचा काटा ढिम्म.
चारच्या जरा अलीकडं
त्याच्या बोटांनी काहीतरी धरलं,
किंवा त्यांनाच कुणीतरी.
तिथून पुढं दोन्ही काटे सोबत निघाले.
भरमाण्णा काही बोलला नाही.
दोनदा मागं गेला, दोनदा परत आला,
त्या एका जागेवरून.

"बाकीचे पुसून टाक," शेवटी म्हणाला,
"मला माझे बसवायचेत, शनिवारी निपाणीला लग्न आहे.
ते बत्तीस तेवढं राहू दे."
वाजवणार आहेस?
"नाही. वाजवायला कशाला."

दोनशे झाले. दीडशे दिले.
डबडं टॉवेलात गुंडाळलं, लहान मुलासारखं,
चेपलेला कोपरा आतल्या बाजूला.
"पन्नास तुळशीच्या लग्नानंतर," पायरीवरून म्हणाला,
"सध्या जरा…"
आणि नेहमीचा तो शब्द
ओठापर्यंत आणून
तसाच परत नेला.