शोधशब्द

कोर्टासमोर, दुसऱ्या मजल्यावर,
झेरॉक्सच्या दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर मी बसते.
एप्रिल आहे. कूलर नुसता आवाज करतो.
पडद्यावर 'तिसरी पाळी' नावाचा ग्रुप,
चौदा महिन्यांचा, एका झिप फाईलीत कोंबलेला.
टॉवेलचा कारखाना, अक्कलकोट रोड.
बॉयलर फुटला त्या रात्रीचा दावा.
आमचे अशील म्हणजे मालक.

सॉफ्टवेअर परदेशी घड्याळ लावून येतं.
रात्रीचे दोन चौदा
त्याला आदल्या दिवशीचे पावणेनऊ वाटतात.
जेवणाची वेळ, सगळे जागे, सगळं ठीक.
मी साडेपाच तास मिळवते
आणि एका क्लिकसरशी अख्खी पाळी अंधारात जाते.

मग शुभ सकाळ.
नऊशे बारा गुलाब, तितकेच सूर्य.
सारखे ते सारखे ओळखून
सॉफ्टवेअर एकावर एक घडी घालत जातं,
गोदामात चादरी लावाव्यात तसं.
तेलुगूच्या जागी आधी नुसते चौकोन होते.
फॉन्ट टाकला, तेव्हा चौकोन बोलले,
अन्ना, चाय तागुतावा?

फोन नंबरांवर काळी पट्टी. बँक खात्यांवर काळी पट्टी.
अंबादास चिलवेरीच्या साखरेच्या रिपोर्टवरही.
पट्टी ओढली की कारण विचारतं.
मी लिहिते, खाजगी.
'पोरगी झाली, पेढे उद्या' याच्यापुढे
संबद्ध, असंबद्ध असे दोन गोल.
मी दुसऱ्यात टिंब देते.
पेढे आणले का, ते पुढे कुठं सापडलं नाही.

साहेबांची यादी सहा शब्दांची:
बॉयलर, दाब, गळती, व्हॉल्व्ह, धोका, तक्रार.
दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत तिच्यावर.
निकाल नऊ.
नऊच्या नऊ मॅनेजरचे.
बॉयलर तपासला, ओके. दाब ओके.
साहेबांनी चहा मागवला, माझाही.

पण मी कांड्या भरणाऱ्या घरात वाढले.
आमच्यात मागाला कुणी माग म्हणत नसे.
रुसला की जावई. चालला की राजा.
म्हणून जेवणाच्या सुट्टीत
डब्यातल्या कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन
मी यादीबाहेरचं वाचत बसले,
उगाच, बोटानं वर सरकवत.

मावशी आज खोकायलीय.
मावशीला घाम सुटलाय बे, जवळ नको जाऊ.
मावशीचं सायबाला सांगितलं. उद्या म्हणले.
मावशी रात्रभर शिट्टी मारायलीय, झोप नाही.
खाली मॅनेजरचा अंगठा.
पिवळा, गुबगुबीत, वर केलेला.

साहेब म्हणाले, कुणाची तरी मावशी आजारी असेल.
मी म्हटलं, सात जणांची एकच?
त्यातले दोघे तेलंगी, एक मुसलमान, एक लिंगायत.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला. काच आधीच स्वच्छ होती.
खाली झेरॉक्सवाला कुणाला तरी ओरडत होता,
दोन्ही बाजूंनी काढायचं का एका?
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग साहेब उठले, खिडकी लावली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
टाक. समोरच्या वकिलाला मी कळवतो.

सातव्या ओळीत मी लिहिलं, मावशी.
निकाल एकशे सतरा.

संध्याकाळी पानांना क्रमांक घातले.
क्रमांक सॉफ्टवेअरच घालतं, सहा आकडी,
उजव्या कोपऱ्यात. आपण फक्त थांबायचं.
शेवटून तिसऱ्या पानावर
दोन वाजून चौदा मिनिटं, नरसय्या गाजुल,
आणि पुढं एवढंच:
हा मेसेज काढून टाकण्यात आला आहे.
त्याचा त्यानंच काढला. का, ते
आता विचारायची सोय नाही.
दावा त्याच्या बायकोच्या नावानं आहे.

मी ते पान वगळू का, विचार केला.
त्यावर काहीच नाही तसं.
ठेवलं.
कोऱ्या पानालाही क्रमांक पडतो.