सरकी

यायचं तेव्हा आधी मांड्यांना कळायचं,
जशी फाट्यावर एसटी वळली
की फळीवरच्या भांड्यांना कळते.
मग ओटीपोटात कोणी
ओलं लुगडं पिळायला घ्यायचं,
पिळून झालं की पुन्हा बुचकळायचं.

नववीत होते. बोरजईहून शाळा चार किलोमीटर.
सरकारी सायकल, निळी,
आणि मी पुलियाजवळ
हँडलवर कपाळ टेकवून उभी.
वर्गात कारण एकच : पोट बिघडलं.
ठवकर सर म्हणायचे, बाहेरचं खात जाऊ नको.
मी बाहेरचं काहीच खात नव्हते.
आतून ओठ तेवढा.

हापशीवरच्या बायांचं एकमत होतं,
"लगन झालं का थांबते वं आपोआप."
चौदाची मी. अठराला चार वर्षं,
म्हणजे अठ्ठेचाळीस महिने, महिन्याचे दोन दिवस,
शहाण्णव.
गणितात कच्ची होते, पण हे लगेच जमलं.

मायनं ओवा उकळून दिला, तो उलटून पडला.
वीट तापवून फडक्यात गुंडाळली,
ती हाडांना टोचली
आणि जिथं दुखत होतं तिथं पोचलीच नाही.

माघातली रात्र. मी गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून,
कारण पलीकडे म्हैस बसायची
आणि भिंत तेवढ्यापुरती गरम असायची.
माय काही बोलली नाही.
म्हशीच्या घमेल्यातली दोन ओंजळी सरकी
तिनं कढईत ओतली.
चुलीत पऱ्हाटी तडतडली.
भुईमुगासारखा, पण भुईमुगाचा नाही
असा तेलकट वास सुटला.
माझ्या शाळेच्या मोज्यात भरून गाठ मारली,
आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली.
"धर. बेंबीखाली. दाबू नको, ठेव नुसती."
विटेला पोटाचा आकार माहीत नव्हता.
सरकी घरंगळत घरंगळत
बरोब्बर जागेवर जाऊन बसली.
म्हैस मान वळवून पाहत होती,
आपल्या वाट्याचं कुठं चाललं म्हणून.

"तुलेही दुखे काय?"
"मले?"
पऱ्हाटीचं काडूक मोडत राहिली.
"दुखे ना. तरी वेचायले जाओ.
ओटी बांधेलच राहे पोटाले,
कापूस उन्हातला, गरम.
भरली का बरं वाटे,
म्हणून लवकर लवकर भरो.
लोकं म्हणे, काय हात चालते हिचा!"

मी काही बोलले नाही.
मोजा तेवढा दुसऱ्या कुशीवर घेतला.

गोळी नंतर आली. इंदुकलाताई, आशावाली,
तिनं मायसमोरच सांगितलं,
भाकर खाऊन घे, उपाशी नाही.
माय म्हणाली, गोळीनं पुढं लेकरू होत नाही म्हणते.
"मी घेत होतो," ताई म्हणाली, "मले तीन आहेत.
आन् गोळी घेऊनही शाळा बुडे इतकं दुखलं
तर दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं."
दुखणं वहीत लिहायलाही तिनंच शिकवलं :
तारीख, किती तास, काय केलं.
माझ्या वहीत पहिली ओळ आहे,
"म्हशीचं खाल्लं."

मोजा शाळेतही गेला.
खिचडीवाल्या बेबीबाईच्या कढईत
सरकी परत तापायची,
मग सातवीत, मग दहावीत,
ज्या वर्गातून निरोप येईल तिकडे.
बोट लागलं तर तेल लागायचं वह्यांना.

एकदा प्रार्थनेत सर रांगेपाशी थांबले.
एक पाय मोज्यात, एक उघडा.
"दुसरा कुठं आहे?"
"कामावर आहे, सर."

पोरी खुदखुदल्या. पोरांना कळलं नाही.
सर क्षणभर माझ्या पायाकडे,
मग मागच्या रांगेत,
जिथं तारका मडावी
दप्तर पोटाशी धरून उभी होती,
आणि मग झेंड्याच्या खांबाकडे पाहत म्हणाले,
"ज्यांना बसायचं त्यांनी बसा."

तारका बसली.
मग आणखी दोघी.