नेत्रावळीला तंबू

शिवोलीच्या घराला आता निळा रंग आहे,
दारावर पाटी, पाटीवर एका रात्रीचा दर.
गाडी हळू केली, थांबवली नाही.
"घल गेलं?" मागच्या सीटवरून शाल्मली.
तिला दोन वर्षं, चार महिने.

आग्नेलकडे दोन रात्री राहिलो.
सुलक्षानं तिला उकड्या तांदळाची पेज भरवली
(पुण्यात ही भाताकडे बघत नाही)
आणि एक शब्द दिला : उदक.
तेव्हापासून नळ उदक, डबकं उदक,
आग्नेलच्या ग्लासातली फेणीसुद्धा उदक.
सगळे हसलो.
माझ्या तोंडून तो शब्द कधी गळून पडला
मला कळलंच नव्हतं.

मग नेत्रावळी. नदीकाठी, काजूखाली तंबू.
एक खुंटी कमी, तिच्या जागी चमचा.
रात्रभर तिचे पाय माझ्या बरगडीत,
बाहेर रातवा कुठलंसं दार ठोठावत राहिलेला,
आणि पिशवीतून सोलांचा आंबट वास.

सकाळी खुंट्या उपटल्या.
कापड श्वास सोडत खाली बसलं
आणि ती अशी रडली
की पलीकडच्या काठावरची म्हैस वळून बघू लागली :
घल पडलं, बाबा, घल पडलं.

नीलांगी म्हणाली, अगं पडलं नाही, पिशवीत ठेवतोय.
मग तिनं पिशवीची चेन
बोटभर उघडली,
फटीला तोंड लावलं
आणि आत हाक मारली.

चमचा तिथंच राहिला, मातीत.
साताऱ्याला आठवलं.